सहाव्या पाकळीची सुनावणी

वीस लाख वर्षांपूर्वी मेलेल्या एका चुन्याच्या चांदणीने सोमवारी स्वतःच्या नावाविरुद्ध लेखी हरकत घेतली. अर्ज नियमाप्रमाणे दोन प्रतींत होता, त्यामुळे जीवाश्म विभागाला तो नाकारता येईना.

चांदणी म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचं कवच, केसाच्या जाडीहूनही बारीक. अकरा वर्षांपूर्वी याच विभागातल्या सांबारे साहेबांना ती समुद्रतळाच्या गाळात सापडली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सहा पाकळ्या मोजल्या आणि नवी जाती जाहीर करून टाकली. नाव ठेवलं शालना. त्यांची बायको शालन त्याच महिन्यात गेली होती. मूलबाळ नाही, दारावरच्या पाटीवर नाव एकट्या सांबाऱ्यांचं. बाईचं नाव जगात उरलं होतं ते एवढंच, आणि आता त्यावरही गदा आली.

सुनावणी विभागप्रमुख कस्तुरे बाईंच्या खोलीत झाली. चांदणीला तिच्या काचपट्टीवरच बसू दिलं. तिचं म्हणणं साधं होतं. पाकळ्या पाचच आहेत, सहावी म्हणजे मेल्यानंतर चिकटलेला चुना. पाच पाकळ्यांच्या जातीला जुनं नाव आहेच, आणि जुनं असताना नवं टिकत नाही.

या कामात चिकटलेला चुना नवशिक्यालाही ओळखता येतो. सांबाऱ्यांनीही तेव्हा ओळखला होता. तरी मोजला.

"राहू दे ना गं," ते म्हणाले. "तुझं काय बिघडतंय?"

"साहेब, माझी सगळी माणसं त्या जुन्या नावात आहेत," चांदणी म्हणाली. "या नावात मी अकरा वर्षं एकटीच आहे."

अकरा वर्षं एकटं राहणं म्हणजे काय, हे सांबाऱ्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी मान खाली घालून हरकत मान्य केली.

कस्तुरे बाई मनाने वाईट नव्हत्या. हेच नाव दुसऱ्या एखाद्या चांदणीला देता येईल का, म्हणून त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. नव्हतं येत. एकदा रद्द झालेलं नाव त्या कुळात पुन्हा कोणाला मिळत नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश टाइप होऊन आला. "शालना ही कधीच अस्तित्वात नव्हती," असं त्यात एकाच ओळीत लिहिलं होतं. खाली जाती शोधणाऱ्याची सही लागते. सांबाऱ्यांनी ती ओळ तीनदा वाचली. टायपिंगची एकही चूक सापडली नाही, तेव्हा त्यांनी सही केली.