फॉरेन मॅडमचा सत्कार

भूपेश नंदनवारने फ्लेक्स आधी लावला आणि मॅडम मागून शोधली. फ्लेक्सवर नेटवरून उचललेली एक सोनेरी केसांची बाई हसत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘इंग्रजी शिका थेट फॉरेन मॅडमकडून!’ त्याच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात अकराच विद्यार्थी उरले होते. रविवारच्या डेमो लेक्चरला प्रवेश झाले नाहीत, तर क्लासला कुलूप लागणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मॅडम फोनवरच ठरली. नाव ग्रेस, शिकवण्याचा दहा वर्षांचा अनुभव, नवरा इथल्याच एका कॉलेजात संशोधन करणारा. तिचं इंग्रजी ऐकून भूपेशने फोनवरच हात जोडले होते. रविवारी सकाळी ती दारात उभी राहिली, तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ग्रेस झांबियाची होती आणि काळी होती. तसा भूपेशही काही केतकीच्या रंगाचा नव्हता. लग्नाच्या वेळी त्याच्या फोटोवर स्टुडिओवाल्याला बरीच मेहनत घ्यावी लागली होती. पण त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फ्लेक्सकडे पाहिलं आणि जागा कालच भरली असं सांगून मोकळा झाला.

परत निघालेल्या ग्रेसला त्याच्या आईने, अनुसयाबाईंनी, हाताला धरून आत नेलं. दारी आलेलं माणूस चहा न घेता जातं म्हणजे काय! एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण त्यावाचून दोघींचं काही अडलं नाही. कार्यक्रमाला थांबायचंही खुणांनीच ठरलं.

इकडे भूपेश गोरा माणूस शोधत सुटला. शेजारच्या लॉजवर हंगेरीचा एक पाहुणा सापडला, पेंचचे वाघ पाहायला आलेला. त्याला इंग्रजीचे तीनच शब्द येत होते, त्यातला एक ‘टायगर’. मॅडम आजारी पडल्या म्हणून सर आले, अशी थाप मारायची, लेक्चरऐवजी नुसता सत्कार उरकायचा आणि त्याला लॉजवर पोचवायचं, असा बेत ठरला. गोऱ्या माणसाचं व्याकरण कोण तपासतो?

हॉल खच्चून भरला. सत्कार अनुसयाबाईंच्या हस्ते होता. शाल आणि नारळ घेऊन त्या गोऱ्या पाहुण्यासमोरून तशाच पुढे गेल्या, स्टेज उतरल्या आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या ग्रेसच्या खांद्यावर त्यांनी शाल घातली.

“आई, सर इकडं हायेत!” भूपेश माइकमधूनच ओरडला.

“त्याले कायले? मॅडम त हे हाय. तुह्या बोर्डाकडे बोट दाखवून सकाळीच सांगतलं तिनं मले. विचार बरं तिले, काहून वं मागं बसून राहिली?”

विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ग्रेस उठली आणि शांतपणे दोन-तीन वाक्यं बोलली.

“मॅडम म्हणतात, त्यांना नागपूर फार आवडलं,” भूपेशने घाम पुसत सांगून टाकलं.

“नाही, सर!” पहिल्या रांगेतून चारुलता उठली. तीन महिने त्याच्याच क्लासात येऊन ‘येस सर’पलीकडे तोंड न उघडलेली गृहिणी. “मले समजलं, सर! मॅडम म्हणते, ह्या सरनं फोनवर मले नोकरी देल्ली. माहा चेहरा पाह्यला अन् जागा भरली म्हणून सांगतलं. बरोबर ना, सर?”

आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. बाईने तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं आणि चूक एकही केली नव्हती.

“बरोबर,” भूपेश म्हणाला.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अरे बापा, तीन महिन्यांत एवढं इंग्लिश!” एक गृहस्थ उठले. “सर, माह्या सुनेचं नाव लिवा!”

फॉर्मच्या टेबलावर झुंबड उडाली. भूपेशला इतके प्रवेश आजवर कधी मिळाले नव्हते आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. माफी मागायला तो ग्रेसकडे धावला, पण फॉर्म घेऊन आलेल्यांनी त्याला वाटेतच घेरलं. तेवढ्यात ग्रेस अनुसयाबाईंना वाकून नमस्कार करून निघूनही गेली.

अनुसयाबाई गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आल्या.

“तिनं काय सांगतलं, थे त मले समजलं,” त्या म्हणाल्या. “पण ह्या लोकायनं टाळ्या काहून वाजवल्या गा?”

भूपेशने आधी हातातला माइक बंद केला. मग तो खाली मान घालून उभा राहिला.