मागे जाणारी कुस्ती

पास्कोल कुस्ती खेळताना समोरच्याला डोक्यावर उचलून आपटायचा, आणि तो जमिनीवर पडायच्या आत स्वतःच म्हणायचा, "सांभाळ रे, सांभाळ."

कुस्ती टीव्हीवरची. तीसेक वर्षांपूर्वी पोरं हातात मावणाऱ्या खेळण्यावर खेळायची तो गेम, आता टीव्हीला जोडायच्या नव्या कन्सोलवर मिळतो. पैलवान बोटभर उंचीचे, हिरवट-काळे, नाक-डोळे नसलेले. पास्कोल आमच्या वसईचा. कतारला, दोह्यातल्या एका इस्पितळात मोडल्या हाडांना प्लास्टर घालतो. बायको-मुलगी गावी. मी रिटायर होऊन तिथल्याच अल मन्सूरा भागात लेकीकडे आलो, तर हा मागच्याच गल्लीत.

दिवसभर मोडकी हाडं बघून घरी पुन्हा मारामारी? पण तो खेळायचा, आणि तोंडाने रिपोर्ट चालू. "खांदा गेला. खलास. आता दीड महिना याला शर्ट दुसऱ्याने घालायचा."

एका नाताळच्या जेवणानंतर आम्ही वसईकरांनी त्याच गेमची स्पर्धा लावली. प्रत्येकाने मशीनच्या पैलवानाशी लढायचं. वयाने मोठा म्हणून मी पंच. पास्कोलने समोरच्याला उचलून आपटलं, आता जिंकणार, तेवढ्यात चित्र सरसर मागे गेलं. पडलेला उठला आणि उलटा चालत कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. या कन्सोलवर तशी सोय असते. चूक झाली की बटण दाबायचं, खेळ मागे जातो. पास्कोलने तेच दाबलं होतं.

मी काही न विचारता निकाल दिला. "रडीचा डाव. पास्कोल बाद."

सगळे हसले. ते हसणं मला आवडलं. पुढे दर जेवणाला मी किस्सा रंगवत गेलो, त्याचं नाव 'रिव्हर्स पास्कोल' पडलं, आणि तो यायचा बंद झाला. बोलावलं की म्हणायचा, "ड्युटी आहे." माझा किस्सा खोटा नव्हता, अर्धा होता. उरलेला अर्धा सांगायला बसलोय.

मध्यंतरी बाथरूममध्ये घसरून माझं मनगट मोडलं. प्लास्टर रूममध्ये समोर पास्कोल. वाटलं, आता टोमणा येणार. तो म्हणाला, "पडलात कसे अंकल? पहिल्यापासून सांगा."

मी सांगत होतो, तो ओल्या पट्ट्या गुंडाळत होता. इतका मोठा पंजा, पण हाताला लागला कधी ते कळेना. मी दुखणं विसरून ती बोटंच बघत राहिलो. माझं मनगट इतक्या आदराने आजवर कुणी धरलं नव्हतं. साबणाच्या पाण्यावर पाय पडल्याचं सांगितलं, तेव्हा तो पुटपुटला, "तिथूनच मागे यायला पाहिजे होतं."

ते डोक्यात राहिलं. दोन-चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो. तो खेळतच होता. समोरचा मानेवर पडला. पास्कोलने बटण दाबलं. पैलवान हवेत उठला, पाय जमिनीला टेकले. मग पास्कोलने नुसताच धक्का दिला, आणि त्या नादात स्वतः हरला. पुन्हा कुस्ती, पुन्हा तेच.

"अरे, जिंकत होतास."

"मान गेली असती."

"चित्र आहे ते, पास्कोल."

"माहीत आहे ना. पण माझ्याकडे सगळे मोडल्यावर येतात, अंकल. मोडायच्या आधी कोणी भेटतच नाही."

 मी विचारलं, "मग त्या नाताळला बोलला का नाहीस?"

"काय बोलू? पास्कोल टीव्हीतल्या बाहुल्यांची हाडं सांभाळतो? त्यापेक्षा लबाड बरा."

त्या शुक्रवारी आमच्यातल्याच फिलोमिनाकडे सगळे जेवायला जमले. मी तोच किस्सा काढला. मंडळी सवयीने हसायच्या तयारीत बसली. या वेळी मी शेवटपर्यंत सांगितला. कुणी हसलं नाही. फिलोमिना उठली, वड्यांचा डबा भरला आणि म्हणाली, "यल्ला, चला, कोण कोण येतंय?"

पास्कोलने दार उघडलं. डबा बघितला, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे. "एकटेच आलात?"

"बाकीचे येतायत. तुमची लिफ्ट लहान आहे, दोन फेऱ्या लागतील."

तो मागे वळून खोलीकडे बघत राहिला. आत खुर्ची एकच होती. मग अनवाणीच बाहेर आला आणि खुर्च्या मागायला शेजारच्या मल्याळी कुटुंबाचं दार वाजवू लागला.