इंदूताईंचं उलटं दार

इंदूताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसाकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. मुलुंडला आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा समोरच्या ब्लॉकमधून त्या आल्या. मी हसून "या ना" म्हटलं. त्यांनी माझं दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "दीड सूत बसलंय गं. वरची बिजागरी सैल आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला त्या दिवशी कळलं. स्वतःचं नाव त्यांनी नंतर सांगितलं.

इंदूताई कांबळे, वय एकाहत्तर. शरीर काडीसारखं, आवाज भोंग्यासारखा. वडील सातारा सोडून मुंबईला आलेले, एका कारखान्यात सुतार होते. त्यांच्याजवळ बसून ही पोरगी रंधा मारायला शिकली. पुढे आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, पण बोटं सुताराचीच राहिली. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर "माप जुळलं नाही" एवढंच उत्तर.

भाचीसाठी स्थळ बघायला गेल्या, तर परत येऊन म्हणाल्या, "मुलगा बरा आहे, पण घरातली एक चौकट ओळंब्यात, सरळ उभी असेल तर शपथ!" तळमजल्यावरचे आजोबा वारले तेव्हा आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो. दार सारखं कुरकुरत होतं आणि दर वेळी आजी दचकत होत्या. इंदूताई उठल्या, आत गेल्या आणि आजोबांच्याच बाटलीतलं खोबरेल बिजागरीत सोडून आल्या. "लोक दिवसभर येणार," त्या हळूच म्हणाल्या, "त्या माऊलीने किती वेळा दचकायचं?"

गेल्या वर्षी त्यांनी आपली आतली खोली नवीन करायला काढली. फरश्या, रंग, दारं, सगळं. तीन सुतार ठेवले, तिघेही पळाले. शेवटचा जाताना मला म्हणाला, "मॅडम, ये आँटी स्क्रू भी गिनती है." मग इंदूताईंनी साडीचा पदर खोचला आणि स्वतःच कामाला लागल्या. धरायला मी. रोज ऑफिसातून आले की चहाआधी फळी हातात.

सगळ्यात जास्त वेळ चौकटीभोवतीच्या पट्ट्यांनी खाल्ला. भिंत आणि चौकट यांच्यामधली फट झाकायला ती लाकडी पट्टी मारतात. "बाकीचे पट्टी मारतात पाप झाकायला," त्या म्हणायच्या. "माझी पट्टी शोभेला." कोपरा जुळला नाही म्हणून एकच पट्टी त्यांनी चार वेळा कापली. शेवटी ती इतकी आखूड झाली की खिडकीला लावावी लागली.

मग त्या खोलीतल्या बाथरूमचं दार आलं. ते त्यांनी बाहेर उघडणारं बसवलं.

"अहो ताई, उलटं बसलंय! पलंगाला आपटतंय बघा."

"आपटू दे."

"सगळ्यांची आत उघडतात."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "बी विंगमधले नाईक आत पडले ना, ते दाराला टेकून पडले. घरात चार माणसं, पण दार ढकलता येईना. ढकललं की त्यांच्याच अंगाला लागायचं. शेवटी दार फोडलं." मग बिजागरीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "माझ्या घरी तर चार माणसंही नाहीत. तू येशील. तुला नुसतं ओढता आलं पाहिजे."

त्यांनी मला विचारलं नव्हतं. मी येणार, हे नुसतं धरून चालल्या होत्या.

"एकदा करून बघू," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन कडी न घालता दार लावून घेतलं. आतून ठणठणीत आवाज आला, "पडले गं!"

मला हसू फुटलं. दार ओढलं. नव्या फरशीवर इंदूताई डोळे मिटून आडव्या पडल्या होत्या. चष्मा काढून बादलीवर ठेवला होता, मोडू नये म्हणून. मी काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. वजन असं नव्हतंच.

"झालं की. उठा आता."

"खरंच पडले तर उठणार आहे का मी? थांब जरा."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी माझा हात चाचपून धरला. रंध्याने घट्टे पडलेला त्यांचा तळवा. कुठल्यातरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या थांबल्या तरी त्यांनी हात सोडला नाही. डोळे मिटलेलेच.

"तुझा हात गरम आहे गं," त्या म्हणाल्या.

मग एकदम उठून बसल्या, केस सारखे केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नीट नाही जमलं. परत एकदा करू."

सगळं नीटच जमलं होतं.

"हो ना, नाही जमलं," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. दार लागलं. मी बाहेर उभी राहिले, त्यांच्या हाकेची वाट बघत.