आडवा व्हावा, उताणा नाई

नत्थूजींच्या देखत कपडे वाळत घालायची सोय नाही. दोरी दिसली की ते चिमटीत धरतात, पिळून बघतात आणि घरच्या बाईला निकाल देतात, ‘ढिल्ली हाये वं.’ एका लग्नात तर भर पंगतीत त्यांनी माझा कमरेचा पट्टाच धरला होता. माझी बायको अजून त्यावरून हसते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

प्रताप नगरात आमच्या भिंतीला लागूनच नत्थूजींचं घर आणि पुढे गॅरेज. गाडीचं कुठलंही काम करतील, पण जीव टायमिंग बेल्टवर. इंजिनाची वरची आणि खालची चाकं एका तालात फिरवणारा हा दातेरी रबरी पट्टा. ढिला राहिला तर दात सोडून उडी मारतो आणि इंजिनाचं वाटोळं होतं. फार कसला तर दिवसभर रडत राहतो. नत्थूजींचं माप ठरलेलं. दोन चाकांच्या मधोमध पट्टा चिमटीत धरून पिळायचा; पाव वळसा फिरून अडला तर ताण बरोबर, पार उलटा झाला तर ढिला. ‘आडवा व्हावा, उताणा नाई.’ मग इंजिन हातानं फिरवून चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळतात का बघायचं. तेवढ्यात कोणी बोललं, तर पाना खाली ठेवून त्याचं बोलणं संपायची वाट बघत बसतात. माझ्यासारख्या बोलक्या शेजाऱ्याला हा मोठाच जाच आहे.

एवढे सोपस्कार करूनही सकाळी घेतलेली गाडी दुपारच्या जेवणाआधी हातावेगळी होते. म्हणूनच यंदाच्या उन्हाळ्यात मला नवल वाटलं.

त्यांच्या मुलीला, पल्लवीला, पुण्यात नोकरी लागली. आई ती लहान असतानाच गेलेली. घरात बापलेक दोघंच. पोरीनं हौसेनं जुनी गाडी घेतली होती आणि ती चालवतच पुण्याला जाणार होती. बेल्ट बदलल्याशिवाय गाडी नागपूरच्या बाहेर जाणार नाही, असं नत्थूजींनी जाहीर केलं. ठीक आहे, बापच तो. पण आठवडा उलटला तरी बोनेट उघडंच. आज ताणच बसत नाही, उद्या बेल्टच पसंत नाही, परवा खुणा जुळत नाहीत. एकदा तर म्हणाले, या उन्हात रबर खोटं बोलतं. रोज बसवायचे, रोज काढायचे. वय झालं बिचाऱ्याचं, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलंही.

शेवटी एका संध्याकाळी राहवलं नाही. गेलो, तर बेल्ट बसवलेला आणि नत्थूजी तो काढायला पाना शोधत होते. मी त्यांच्यासारखाच चिमटीत धरून पिळला. अगदी आडवा झाला, पुढे हलेना.

‘झाला की हो हा. आता काढता काहून?’

हाती लागलेला पाना त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, ‘पयल्याच दिवशी झाला होता गा. पण गाडी चालू झाली का पोरगी चालली. मंग या घरात मी कोनाशी बोलू?’

मी बेल्ट सोडला आणि वळलो.

मागे पल्लवी चहा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कप तिनं बॅटरीवर ठेवले आणि बापाशेजारी खाली बसली.

‘बाबा, पुण्याले रोज बस जाते,’ ती म्हणाली. ‘गाडीसाठी कोनी इतकं थांबते का? मी काहून थांबली, समजलंच नाई तुमाले?’

नत्थूजींनी वर पाहिलं नाही. बाहीनं डोळे पुसले, बाजूला पडलेलं बेल्टचं झाकण उचललं आणि जागेवर बसवून एकेक बोल्ट कसायला लागले. शेवटचा कसून झाल्यावर इंजिनाकडेच बघत म्हणाले, ‘नवा बेल्ट हाये. दिवाळीले आनून दाखवजो.’

‘दिवाळीच्या आधीच आनीन,’ पल्लवी म्हणाली.