नानांच्या कुलपाचा अंगठा

नाना परब संकटात सापडले की आधी शब्दाचा उगम सांगतात, मग संकट.

संकट बहुधा एकच असतं. काळाचौकीतली आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. चाळीत दिवसा दार लावायची रीत नव्हती. टॉवरचं दार लॅचचं. बाहेर पडलं की मागे आपोआप बंद होतं. नाना दुधाची पिशवी घ्यायला बाहेर येतात, किल्ली आत राहते आणि समोर माझी बेल वाजते. त्यांची दुसरी किल्ली माझ्याकडे असते.

"चला, सुटका करतो," मी एकदा म्हणालो. नाना टॉवेलवर होते, एका गालाला साबण होता. तरी थांबले.

"सुटका गाठीतून होते. मला कोणी बांधलंय? उद्धारही नको. उद्धार म्हणजे वर काढणं, त्यासाठी मी खड्ड्यात पाहिजे. तू मला तारतोस. धातू तॄ, पार जाणे. तारणे म्हणजे पलीकडे नेणे."

मध्ये चार पावलांचा पॅसेज होता. तो आम्ही पार केला. मग चहा. तारल्यावर चहा होतोच, भरपूर आलं घालून, आणि तो संपेपर्यंत उठता येत नाही.

एकदा मी ऑफिसात असताना एका नव्या भाडेकरूने घाबरून अग्निशमन दलाला फोन केला. जवान धावत वर आले. आत कोण अडकलंय, त्यांनी विचारलं.

"आत कोणी नाही," नाना म्हणाले. "मी बाहेर अडकलोय."

दार उघडल्यावर जवानांना चहा मिळाला आणि तॄ धातूही.

ही हकिगत ठाण्याला नानांच्या मुलाच्या कानावर गेली. रविवारी तो अंगठ्याने उघडणारं कुलूप आणि ते बसवणारा माणूस घेऊन आला. आता बाबा कधीच अडकणार नाहीत, असं त्याने मला आनंदाने सांगितलं. नाना खुर्चीत बसून होते. एकाही शब्दाचा उगम त्यांनी काढला नाही.

कुलूप बसलं. कारागिराने नानांचा अंगठा मागितला. नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि माझ्याकडे मान वळवली.

"माझा नको. ह्याचा घ्या."

"बाबा, मग तुम्ही आत कसे जाणार?"

"बेल वाजवून," नाना म्हणाले. "समोरची."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी अंगठा टेकवला. कुलूप एकदा वाजलं आणि नाना आलं किसायला आत गेले.