बाळंतिणीला कळता कामा नये

शेअर अर्ध्यावर आल्याचं वर्तकनगरच्या त्या घरात सगळ्यांना कळलं होतं, फक्त जिच्या सांगण्यावरून तो घेतला त्या दक्षताला सोडून. दक्षता ओली बाळंतीण होती, आणि बाळंतिणीच्या कानावर वाईट बातमी गेली की दूध आटतं, असं कलावती आत्यांचं ठाम मत. दक्षताच्या आईच्या पायाला प्लास्टर, म्हणून बाळंतपण सासरीच; आणि ते करायला सासऱ्यांची ही थोरली बहीण डोंबिवलीहून डिंक-बाळंतशोपांसकट दाखल झाली होती.

सासरे धोंडीबा यांनी आयुष्यात पहिल्यांदा फिक्स्ड डिपॉझिट मोडलं होतं, तेही सुनेच्या शब्दावर. कंपनी पंख्यांची. पण तिच्याच पोटात पाण्याच्या पंपांचा एक छोटा धंदा होता, ज्याच्याकडे बाजारात कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. लवकरच तो धंदा वेगळा निघणार होता. दक्षता हे सगळं सासऱ्यांना नीट समजावून सांगत होती, पण पंपांपर्यंत येता येता तिला कळा सुरू झाल्या.

सोमवारी बाजार उघडला आणि धोंडीबांनी, म्हणजे घरातल्या बाबांनी, मोबाइलवर लाल आकडा बघितला.

"ऋत्या, अरे, निम्मा गेला रे!"

दक्षताचा नवरा ऋतुराज आयटीत होता, त्यामुळे त्याला सगळं कळतं असा बाबांचा समज. "विका, बाबा! अजून पडेल!" तो म्हणाला. बाबांनी तिथल्या तिथे सगळे विकले.

"आता तिच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही," आत्यांनी दम भरला. "दूध आटलं तर पोरीला काय तुझे शेअर पाजणारेस, धोंडू?"

आत्यांनी आधी दक्षताचा मोबाइल काढून घेतला. "डोळे जातात गं बाळंतिणीचे." मग पेपरातलं बाजारभावाचं पान नाहीसं झालं. अळिवाची खीर एकदाच्या जागी तीनदा आली. बाबा एरवी बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकत नसत, ते पडद्याबाहेर उभं राहून म्हणाले, "तब्येतीला जप. बाकी काय, सगळं येतं आणि जातं." आत्यांनी पढवून पाठवलेल्या खालच्या कांताकाकू बाळ बघायला आल्या, एक अक्षर न बोलता दक्षताकडे बघत राहिल्या आणि उसासा टाकून गेल्या.

आता दक्षताला शंका आली. घरात सगळे धड दिसत होते. बाळही मांडीवर मुठी चोखत मजेत होतं. म्हणजे उरलं कोण?

"आत्या, खरं सांगा. माझ्या आईला काय झालंय?"

"काही नाही गं बाई."

"मग मला फोन का देत नाही?" दक्षताला हुंदका फुटला. तिचं बघून बाळानं टाहो फोडला. बाळाचं ऐकून पडद्याबाहेर बाबांचाही धीर सुटला.

"आई ठणठणीत आहे तुझी! शेअर गेला! अर्ध्यावर आला आणि मी विकून बसलो!"

दक्षतानं डोळे पुसले. "कधी विकलात?"

"आज सकाळीच."

"पंपांची वाटणी आजचीच होती ना?"

"कसली वाटणी?"

"अहो बाबा, धाकट्यानं चूल वेगळी मांडली की थोरल्याचं घर रिकामं दिसणारच ना! शेअर पडला नाहीये, पंप बाहेर पडलेत. काल रात्री शेअर आपल्याकडे होते, म्हणजे पंपांचे आपल्याला मिळणार. थोडे दिवस लागतील." ती रडता रडता हसायला लागली. "मला धाकटाच हवा होता. भाव बघून थोरला आज विका, असं सांगायला सकाळपासून मोबाइल मागतेय मी!"

 थोड्या वेळानं पडद्याबाहेरून आत्यांचा डोंबिवलीला लावलेला फोन ऐकू आला. "अगं, आपला धोंडू कसला पोचलेला निघाला! नको तो थोरला बरोब्बर त्याच दिवशी काढून टाकला! नाही गं, सुनेला कुठलं कळतंय, ती बाळंतीण."

संध्याकाळपर्यंत बाबांच्या कोचावर सोसायटीतले तीन पेन्शनर सल्ला घ्यायला बसले होते. बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणत होते, "घाई करायची नाही. मी विचार करून सांगतो."

आणि विचार करायला ते उठले, पडद्याशी आले, घसा खाकरून अगदी हळू म्हणाले,

"सूनबाई, बाळ झोपलं असेल तर... पुढची वाटणी कुठल्या घरात आहे गं?"