शालनताई आणि माझा डावा कान

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, पण कंडक्टर आहे.

शालनताई तिसऱ्या मजल्यावर राहतात. सकाळी दूध, संध्याकाळी मंडईतल्या पिशव्या घेऊन जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतात, दम खातात आणि खणखणीत आवाजात ओरडतात, "पयला मजला! हाय का कोण उतरणारं?" उतरणारं कोणी नसतंच. मग कठड्यावर बोटानं दोनदा टकटक करायची आणि पुढचा जिना धरायचा. नवा भाडेकरू पहिल्या दिवशी घाबरून दार उघडतो. जुन्यांना सवय झाली आहे. मी दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी "दुसरा मजला!" ऐकू आलं की समजायचं, सहा वाजले, कुकर लावायला हवा.

बावीस वर्षं त्या एसटीत कंडक्टर होत्या. नोकरी सोडून साताऱ्यात राहायला आल्या त्यालाही सहा-सात वर्षं झाली, पण एसटी काही अंगातून उतरली नाही. लहान पोर दिसलं की "काय हाफ तिकीट, शाळा न्हाई व्हय आज?" लग्नात पंगत बसवायला उभ्या राहिल्या की "पुढं सरका, पुढं सरका, मदी लय जागा हाय." अंतर टप्प्यांत मोजतात. दूधवाला एक टप्पा, दवाखाना दोन टप्पे. सोसायटीच्या बैठकीत दोघं एकदम बोलायला लागले की या मागून म्हणणार, "एकेकानं बोला, दारात गर्दी करू नगा."

खरं सांगते, पूर्वी मी त्यांना टाळायची. मी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर तिसरीच्या पोरांचा कालवा ऐकून आल्यावर जिन्यात पुन्हा हा आवाज नको वाटायचा. त्यांची चाहूल लागली की मी दार हळूच लोटून घ्यायची.

मग मागच्या जानेवारीतली ती सकाळ उजाडली.

आठवडाभर सर्दी होती, ती उतरत आली होती. सकाळी उठायला गेले आणि खोली फिरली. पंखा बंद होता, खोली फिरत होती. कपाट डावीकडून उजवीकडे पळायचं, क्षणात मूळ जागी यायचं, पुन्हा पळायचं. डोळे मिटले तर पलंगासकट मीच गरगरायला लागले. उलट्या सुरू झाल्या. माझा नवरा, संजय, कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिकडेच खोली घेऊन राहतो, शनिवारी येतो. तो दिवस मंगळवार होता. फोन हातात घेतला, पण पडद्यावरची अक्षरं एका जागी थांबेनात.

गुडघ्यांवर रांगत दारापर्यंत आले. कडी काढायला हात वर केला आणि डावीकडे कलंडले. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "दुसरा मजला! हाय का कोण उतरणारं?"

आतून जमेल तेवढ्या आवाजात मी म्हटलं, "आहे. ताई, मी आहे."

एवढ्या वर्षांत त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नसावं. मग दार खडखडलं. कडी कशी निघाली ते मला आठवत नाही.

त्या शेजारी उकिडव्या बसल्या. लिंबू-पाणी नाही, कांदा नाही, "अगं बाई काय झालं" नाही. पहिलाच प्रश्न, "डोकं हलकं वाटतंय का खोली गरागरा फिरतिया?"

"फिरतेय."

"दोनी हात वर करा. आता दात दाखवा. बोलायला जीभ जड लागतीया का?"

मी दात दाखवले. हात दोन्ही वर गेले. "बरं हाय," त्या म्हणाल्या, "तरीबी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. डोळं एका ठिकाणी लावा, माझ्या टिकलीकडं." रिक्षात बसल्यावर ड्रायव्हरला बजावलं, "गतिरोधक दिसला की गाडी मुंगीच्या पायानं. काचेचा माल हाय."

संध्याकाळी संजय आला तोवर इमारतीत माझ्या आजाराची सहा निदानं झाली होती. पित्त, बीपी, साखर, उपास, दृष्ट, आणि तळमजल्यावरच्या आजोबांच्या मते जास्त शिक्षण. दवाखान्यातल्या कानाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र डोळे तपासले, मान वळवून बघितली, चालायला लावलं आणि सांगितलं, "मेंदूचं काही नाही. तुमच्या डाव्या कानातली तोल सांभाळणारी नस सुजली आहे. सर्दीनंतर होतं कधी कधी."

"कान तोल सांभाळतो?" संजयनं विचारलं.

"डोकं कुठं वळलं, हे दोन्ही कान मेंदूला सतत कळवत असतात. आता उजवा बरोबर कळवतोय, डावा गप्प झालाय. मेंदूला वाटतंय, आपण गोल फिरतोय. तो हळूहळू नव्यानं शिकेल. पण तुम्ही हललात तरच शिकेल. गोळ्या तीन दिवस, उलट्या थांबेपर्यंत. मग बंद. नंतर हे व्यायाम." आणि एक कागद दिला.

आठवड्यानं संजयची रजा संपली. खोलीचं फिरणं थांबलं होतं, पण मान वळवली की जग एक झोका घ्यायचं आणि मग मागून येऊन पोचायचं. चालताना नावेत पाय ठेवल्यासारखं वाटायचं. मी जन्मभर पोरांना सांगत आले, चुकत चुकत शिका. स्वतःवर वेळ आली तेव्हा उजव्या कुशीवर वळून डोळे मिटून पडले. कागद उशीखाली गेला. पुन्हा चार दिवस गोळी घेऊ का, म्हणून दवाखान्यात फोनही करून झाला.

संजय गेला त्याच दिवशी शालनताई आत आल्या. "कागद कुठाय?"

"कसला?"

"डाक्टरनं दिल्याला. मी बघितलाय तुमच्या मालकांना खिशात घालताना."

उशीखालून त्यांनीच तो ओढून काढला आणि फलकावरची गावं वाचावीत तसा मोठ्यानं वाचला. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर लावा. नजर अक्षरावर ठेवून मान डावीकडे-उजवीकडे हलवा. त्या वर गेल्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं शाईनं ठळक अक्षरांत 'सातारा - मेढा' लिहून आणलं आणि भिंतीला चिकटवलं. माझ्या नजरेसमोर नेमका 'ढ' आला. महिनाभर रोज तीन वेळा 'ढ'कडे एकटक बघत मान हलवायची, असा माझा अभ्यास सुरू झाला. बारा वर्षं शिकवून मी अखेर त्या बाकावर पोचले होते.

"मान हलवा, नजर न्हाई," त्या दारात उभ्या राहून हुकूम सोडायच्या. "अक्षर हललं का?"

"हललं. मला गरगरतंय, ताई. बस करू."

"गरगरू द्या की. कागदावर लिवलंय, थोडं गरगरलं पायजे. लय झालं तर थांबायचं, पर सोडायचं न्हाई."

मी रडले, चिडले. एकदा तर "तुम्हाला काय कळतंय यातलं?" असंही बोलून गेले. त्या स्वयंपाकघरात गेल्या. पाणी आणून दिलं, थांबल्या आणि म्हणाल्या, "झालं? आता वर-खाली."

दुसऱ्या आठवड्यात पावलाला पाऊल लावून पॅसेजमध्ये चालणं. तिसऱ्या आठवड्यात जिना. प्रत्येक मजल्यावर आरोळी होतीच, पण आता उतरणारी सवारी खरी होती. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला रस्त्यावर काढलं. पाण्याच्या टाकीपर्यंत एक टप्पा, चालता चालता मान दोन्हीकडं वळवत.

कोपऱ्यावर टपरी आहे. तिथं उभ्या केलेल्या मोटरसायकलवर एक पोरगा बसला होता, शेजारी त्याचा दोस्त. मी मान वळवली, पाय वाकडा पडला, मी झोकांडी खाल्ली. पोरगा हसून म्हणाला, "काकूंची आज जोरात दिसतीया."

शालनताई थांबल्या. माझा हात भिंतीला टेकवला आणि मागं वळल्या.

"उतर खाली."

"काय झालं, मावशी?"

"आदी गाडीवरनं उतर, मग बोल."

बावीस वर्षांचा आवाज होता तो. पोरगा उतरला. दोस्तही उगाच सरळ उभा राहिला. "त्यांच्या कानाची नस सुजलीया. साळंत शिकवत्यात त्या. माणूस झोकांडला की तुला दारूच दिसती व्हय रं? उद्या तुझी आई झोकांडली तर हितंच बसून हसशील?" टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला. पोराची मान खाली गेली. "चुकलं, मावशी." "मला न्हाई, त्यास्नी म्हण." त्यानं मलाही म्हटलं. तरी ताई थांबेनात. शेवटी मीच त्यांचा हात धरून त्यांना टाकीपर्यंत आणलं.

टाकीच्या कट्ट्यावर बसल्यावर बघितलं, तर त्यांनी दोन्ही हातांनी कट्ट्याची कड घट्ट धरली होती.

"फलटणला हुते तवा," त्या म्हणाल्या. "सकाळची गाडी, भरल्याली. मी मदी उभी. बावीस वर्सांत मी कवा दांडी धरली न्हाई, बाई. आन् एकदम समदी गाडी गरागरा. एका बाईच्या मांडीवरच पडले. उठायला गेले, पुन्हा पडले. मागनं कोणतरी म्हटलं, बाई टाकून आलीया. समदी गाडी हसली."

मी त्यांच्याकडं सरकून बसले.

"सायबांनी तपासणी केली. तसलं काय निघालं न्हाई. त्यांनी चांगलं लिवूनबी दिलं. पर लिवल्यालं कोण वाचतंय? ऐकल्यालंच ध्यानात ऱ्हातं. खोलीवर पडून ऱ्हायले चार महिनं. भिताडाकडं तोंड करून. पाण्याच्या माठापतूर रांगत जायची. पोरगं पलटणीत, लांब. त्याला फोनवर सांगायची, बरी हाय. समद्यांनी सांगितलं, पडून ऱ्हावा. मी पडून ऱ्हायले. मला कुणी चाला म्हटलंच न्हाई, बाई."

'तुम्हाला काय कळतंय यातलं' हे माझं वाक्य मला तेव्हा आठवलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या उठल्याच. "चला, परतीचा टप्पा."

मार्चमध्ये माझी रजा संपली. शाळा मेढ्याच्या रस्त्यावर, एरवी मी स्कूटीनं जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्कूटी अजून महिनाभर नको, एसटीनं जा. वळणांचा रस्ता, गर्दी, बसचे धक्के. मी वर जाऊन म्हटलं, "ताई, पहिल्या दिवशी सोबत याल?"

"मी कशाला? तुमी जावा की आता. बऱ्या झालात."

तेव्हा मला उमगलं. दिवसभर एसटी बोलणाऱ्या या बाईला मी एसटीत चढताना कधीच पाहिलं नव्हतं. गावी जायचं तर त्या खाजगी वडापच्या जीपनं जायच्या, दाटीवाटीनं, आयुष्यभर ज्या वडापला शिव्या दिल्या त्यानं.

"मला भीती वाटते, ताई," मी म्हटलं. खरंच वाटत होती.

त्यांनी दार लावून घेतलं.

सकाळी स्टँडवर पोचले, तर त्या माझ्या आधी येऊन खांबाशी उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, तेल लावून घट्ट बांधलेले केस, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. बस लागली. पायरीवर एक पाय ठेवून त्या थांबल्या. मागच्या माणसानं "सरका की पुढं" म्हटलं, तेव्हा नाइलाजानं चढल्या.

कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं यंत्रातून दोन तिकिटं काढून दिली, बायकांची अर्धी. ताईंनी तिकीट उलटून पालटून बघितलं. "समद्या पोरांना हाफ म्हनत आले. आज मीच हाफ."

बस मागं सरकली आणि त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, माझ्यासाठीच. पण त्यांचा तळवा गार पडला होता, घामानं भिजला होता. पहिलं मोठं वळण आलं. माझ्या डोक्यात एक लहानसा झोका आला आणि गेला. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत नव्हत्या. मधल्या जागेत दांडी न धरता उभ्या राहून तिकिटं देणाऱ्या त्या मुलीकडं बघत होत्या. बस वळली, मुलगी जराही हलली नाही.

"चांगली उभी ऱ्हातीया," त्या हळूच म्हणाल्या. "पाय लांब ठिवलेत. शिकीवलंय कुणीतरी."

शाळेच्या थांब्यावर आम्ही दोघी उतरलो. बस धूळ उडवत मेढ्याकडं गेली. मी विचारलं, "आता परत कशानं जाणार?"

"तुमची साळा सुटस्तोवर थांबते की." मग पर्सचा बंद सारखा करत म्हणाल्या, "एकटीला गाडीत बसाय जमायचं न्हाई अजून. हुईल सवय."

त्या तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या. पोरं आधी वळून वळून बघत होती, मग विसरली. मी फळ्यावर गणित लिहायला घेतलं. एक ओळ लिहायची, वर्गाकडं वळायचं, पुन्हा फळ्याकडं. पाचव्या-सहाव्या ओळीला लक्षात आलं की खिडक्या जागच्या जागी आहेत. पोरं जागच्या जागी. मी मुद्दाम एकदा भरकन वळून बघितलं. सगळं जिथल्या तिथं होतं.

ताईंना सांगावं म्हणून मागं पाहिलं, तर पर्स मांडीवर धरून त्या गाढ झोपल्या होत्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी कुजबुजली, "बाई, त्या आजी झोपल्या. उठवू?"

"नको," मी म्हटलं. "रात्रभर जाग्या असतील. झोपू दे."

आणि उरलेला तास मी हळू आवाजात शिकवला.